नेफ्यात अडकलेली नाडी

आई गेल्यानंतरच्या पहिल्याच सत्रात तो धडा आला. प्रथिनं पेशीच्या पटलातून पलीकडे कशी जातात, हे मी सांगलीच्या एका कॉलेजात कितीतरी वर्षं शिकवते आहे. यंदा मात्र आदल्या दिवसापासूनच टिपणं पुन्हा पुन्हा काढून पाहत होते.

सांगलीतच एम.एस्सी.ला असताना याच विषयावर मला वर्गापुढे बोलायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत रहिमतपूरला घरी आले आणि कागद हातात घेऊन घोकत बसले. आई मशीनवर परकर शिवत होती. एका दुकानाला ती ते पुरवायची.

"कवाधरनं पुटपुटतीयास. मला बी सांग की."

"तुला नाही कळायचं."

"न्हाई कळलं तर न्हाई. तुजं काय झिजतंय व्हय?"

मग सांगितलं. पेशीच्या आत प्रथिनाची लांब साखळी तयार होते. काही साखळ्यांना पटलापलीकडे जायचं असतं. पटलात अरुंद वाट असते आणि साखळीच्या टोकाचा एक तुकडा तिला त्या वाटेवर नेतो.

"बरं. बोलता बोलता तेवढ्या नाड्या घाल."

नाडीचं टोक उसवू नये म्हणून मी आधी त्याला चांगली जाड गाठ मारली. मग पिन लावून ती परकराच्या नेफ्यात सरकवली. चार बोटं गेली आणि अडकली. जोर केला तर नेफ्याची शिवणच उसवली.

आई मशीन थांबवून हसायला लागली. "वा गं मास्तरीणबाई! गाठ आधी मारत्यात व्हय? सरळ जाऊ दी तिला. पल्याड गेल्यावर काय गाठी मारायच्या त्या मार."

मी कागदाकडे पाहिलं. तिथं तेच लिहिलं होतं; मी तिला वाचून दाखवलं. आधीच घडी पडलेलं प्रथिन त्या वाटेत अडकून बसतं. त्यानं उलगडलेलंच पलीकडे जायचं, घडी नंतर. टोकाचा तुकडाही काम झालं की कापला जातो.

"पिन काढून ठेवतू तसा?" आई म्हणाली. "मग नाडीच की ती. येवढ्यासाठी सांगलीला ऱ्हातीस?"

वर्गात मी नाडीचं उदाहरण दिलं. सर खूश झाले. "कुठं वाचलंत हे?"

"सुचलं, सर."

परकर शिवणाऱ्या आईचं नाव तिथं घ्यायची मला लाज वाटली.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "माजं सांगिटलंस का गं?"

"सांगितलं."

पुढे ती गल्लीत सगळ्यांना ऐकवायची, "माजी नाडी कालेजात शिकवत्यात." मी शिकवायला लागल्यावरही ते उदाहरण दरवर्षी दिलं, आणि दरवर्षी ते माझंच राहिलं. आधी लाज होती; नंतर नुसती सवय.

यंदा फळ्याकडे पाठ करून म्हणाले, "हे मला माझ्या आईनं समजावलं. ती परकर शिवायची." वर्गात कुणी हसलं नाही. इतक्या वर्षांत मी ज्या हसण्याला भीत होते, ते कुणाचं असणार होतं, कोण जाणे.

तास संपल्यावर पलूसहून एस.टी.नं येणारी एक मुलगी टेबलापाशी आली. "मॅडम, तुम्ही त्यांचं नाव वर्गात सांगता, हे आईंना माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. "तिला वाटायचं, मी पहिल्यापासून सांगते."