पिवळं झबलं
वेखंडाचा वास आला की मला समोरच्या ताईंची कापडी पिशवी आठवते. बायकोला आठवा महिना होता. आमच्यात बाळाला पहिलं झबलं नवं घालत नाहीत, दुसऱ्या बाळाने वापरून मऊ झालेलं घालतात, म्हणून मी मुलुंडभर नातेवाइकांकडे विचारत फिरत होतो. हे कानावर गेलं आणि ताई स्वतःच दारात आल्या. "घे रे, सगळं धुऊन ठेवलंय." आत हाताने शिवलेली पाच झबली, मध्ये वेखंडाचे तुकडे, सगळ्यात वर एक पिवळं. चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा बारशाच्या आदल्या दिवशी गेला होता. मी पिशवी घेतली. त्या गेल्यावर आई दबक्या आवाजात म्हणाली, "वेडा झालास का? त्या बाळाचं नको आपल्याला." एवढा शिकलेला मी, एका शब्दाने तिला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी मरोळच्या ऑफिसात दानासाठी जुने कपडे गोळा करायच्या खोक्यात ती पिशवी टाकून आलो. आमच्या बारशाला ताई आल्या, मुलीला मांडीवर घेऊन बसल्या, तिच्या झबल्यावरून हात फिरवला. "पिवळं बसतं का रे हिला?" "हो ना, एकदम बरोबर. आजच धुतलंय." त्यांनी गॅलरीतल्या दोरीकडे पाहिलं. दोरीवर काहीच नव्हतं. मग म्हणाल्या, "सावलीत वाळव हं, रंग जातो त्याचा." मुलगी आता दुसरीत आहे. तिचा पिवळा फ्रॉक दोरीवर दिसला, की मी अजून तो उन्हातून काढून सावलीत टाकतो.