फिल्मच्या कडेला

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढणारा तो माणूस दिवसभर एकच वाक्य म्हणायचा, "श्वास धरा, हालू नोका." म्हणून झालं की दमल्यासारखा स्वतःच श्वास सोडायचा. लहान पोरं हललीच, तर मशीनखाली त्यांचे हातपाय तोच धरून बसे. रोजच्या किरणांनी त्याची नखं काळपट पडून चिरली होती.

मी जिनिंग फॅक्टरीत वायरमन. मेन स्विचची बेकलाइटची मूठ एका मजुराच्या हातात फुटली आणि त्याचा पंजा भाजला. वरून गुळगुळीत मूठ, आतून पोकळ निघाली. त्याच मालातल्या नव्या मुठी न फोडता तपासायच्या कशा? रुमालात बांधून मी त्या एक्स-रेवाल्याकडे नेल्या.

"आता याईचंही दुखून राह्यलं काय?" तो म्हणाला. मुठी टेबलावर लोळायला लागल्या, तेव्हा तो एकेक मूठ दोन बोटांत धरू लागला आणि तिलाही सांगू लागला, "श्वास धर, हालू नोको." बटण मी दाबत होतो.

फिल्म वाळली. एका मुठीच्या पोटात बुडबुडा स्वच्छ दिसला.

"हे लावू नोका."

मुठींच्या शेजारी त्याच्या बोटांची हाडं उमटली होती. तेवढी कड कात्रीनं कापून त्यानं खणात टाकली. खण तसल्याच कडांनी भरला होता.

"कायले जमवता जी?"

"आपलेच हाडं हायेत. फेकवत नाही."

पुढचं पोर रडतच आत आलं. त्याचा हात धरायला एक्स-रेवाल्यानं बाही वर सारली.