न उडणारी विमानं

नववीत शाळा सोडलेल्या बाईला इथे लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये कोण काम देणार, असं आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं. मलाही. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. म्हणून जुन्या धावपट्टीवर उभ्या करून ठेवलेल्या विमानांच्या साफसफाईचं काम मिळालं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. ते सुटू नये, एवढीच रात्रंदिवस धास्ती.

विमानं छोटी, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्यांची. बिघडलेलं एकही नव्हतं. आठवड्यातून एकदा आत जायचं, बुरशी धरली का बघायचं, ओल पुसायची, खिडक्यांच्या झडपा पुन्हा खाली ओढायच्या. बाहेर मेकॅनिक चाकं जराशी फिरवून ठेवायचा, एकाच जागी दबून चपटी होऊ नयेत म्हणून. आजारी माणसाची कूस बदलावी तसं. खुर्चीच्या खिशात कुणीतरी अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं तसंच असायचं. कुणाच्या तरी घरात, ते नसताना शिरल्यासारखं वाटे. निघताना तोंडातून 'येते हं' निघायचंच.

एका धुक्याच्या सकाळी मी मागच्या टॉयलेटपाशी होते. पुढून आवाज आला. कुणीतरी हळू काहीतरी विचारत होतं, थांबत होतं आणि स्वतःच उत्तर देत होतं. विमानात वीज नव्हती. पळावं, तर दार पुढेच. मॉप समोर धरून गेले. कॉकपिटमध्ये पांढऱ्या शर्टातला एक मुलगा बंद बटणांवरून बोट फिरवत होता.

"अगं बाई!" मी ओरडले.

तो माझ्याहून जास्त दचकला. "सॉरी, सॉरी! काकू, तुम्ही घाबरला?"

"काकू कुणाला म्हणतोस रे? तिशी नाही उलटली माझी!"

जवळच्याच पिनरमधल्या मराठी डॉक्टर आईवडिलांचा मुलगा, इथेच वाढलेला, मराठी मोडकंतोडकं. हीच विमानं उडवायचा. हात विसरू नयेत म्हणून मेकॅनिकला सांगून इथे येऊन बसायचा, उड्डाणाआधीची प्रश्नोत्तरं एकटाच म्हणायचा. मग येतच राहिला, माझ्या थर्मासमधला चहा पीत.

"चांगली विमानं ही, मग उडवत का नाहीत?" मी एकदा विचारलं.

"मोठ्या विमानांचे पायलट आहेत ना, त्यांचा कंपनीशी काँट्रॅक्ट आहे. मोठी जेवढी उडतील, त्या प्रमाणातच छोटी. नाहीतर कंपनी सगळा काम आमच्याकडून स्वस्तात करून घेईल. आता पॅसेंजर कमी, मोठी विमानं कमी झाली, सो आमची पण उभी."

"म्हणजे त्यांचंच चुकतंय."

"नाही हो. मी त्यांच्या जागी असतो तर सेम साइन केलं असतं." तो कपात बघत राहिला. "लिमिट वाढवायचा का, यावर ते व्होट करणार आहेत. हो म्हणाले तर हे उडेल आणि माझा नोकरी राहील."

हे उडालं तर माझं काय, हे त्याने विचारलं नाही, मी बोलले नाही. त्या आठवड्यात देवापुढे काय मागावं कळेना. नुसतेच हात जोडले.

निकाल लागला त्या दिवशी पंखाचं टोक दिसत नव्हतं, इतकं धुकं. तो आधीच आत होता.

"नाही म्हणाले. तुमचा काम सेफ, काकू." खरंच हसून म्हणाला. मला धड हसू येईना, धड रडू. "बसा खिडकीपाशी. आज तुम्ही पॅसेंजर. माझा लास्ट फ्लाइट."

मी जन्मात एकदाच विमानात बसले होते, इकडे येताना, डोळे घट्ट मिटून. आता पट्टा बांधला, झडप वर केली. पुढून त्याचा आवाज सुरू झाला. प्रश्न त्याचे, जोडीदार पायलटची उत्तरंही त्याचीच, न अडखळता. मग तो थांबला. बाहेर पांढरं. खालीही पांढरंच. वाऱ्याने की कशाने, खुर्ची किंचित हलली आणि आपण खरंच वर आहोत असं वाटलं.

"उतरव रे आता," मी म्हटलं.

धुकं विरून खालचं गवत दिसेपर्यंत मी पट्टा सोडला नाही.