किसनदादांची डायरी आणि माझा दहाचा आकडा

दूध संकलनाचा आख्खा प्रोग्रॅम. त्याची बावीस छापील पत्रकं. वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारी बॅकअपची पेटी, आतला ट्रान्सफॉर्मरसुद्धा मीच गुंडाळलेला. प्रिंटरखालचं सागवानी टेबल.
हे सगळं मी माझ्या हातानं केलं. शिकवायला कुणी नव्हतं.

आहुप्याच्या रस्त्याची दुधाची गाडी बंद झाली, तीही माझ्याच हातानं.

किसनदादा आज सकाळी गेले. म्हणून हे लिहितोय.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. जुन्नर-आंबेगावची गावं धरून आमचं दूध शीतकरण केंद्र चालायचं. मी बारावी नापास, रेडिओ दुरुस्त करणारा. मॅन्युअल वाचून वाचून कॉम्प्युटर शिकलो आणि तिथं लागलो.

दादा संकलनाचे सुपरवायझर. रोज जीपबरोबर डोंगरात जायचे.
खिशात एक छोटी डायरी. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या घरी लग्न, कुठला साकव वाहून गेला, सगळं तिच्यात.

आधी मॅनेजर साहेब काही ठरवायचं झालं की दादांना विचारायचे.
मग माझं पत्रक आलं. कुठल्या रूटला किती सभासद चालू, किती बंद, एका पानात. साहेब खूश. दादांना विचारणं हळूहळू थांबलं.

सभासद बंद कधी धरायचा?
सलग दहा दिवस दूध आलं नाही तर. म्हैस आटलेली असेल तर व्याल्यापासून दहा.
दहा हा आकडा मी ठरवला. का? आमच्या गावाकडं म्हैस व्याली की पाचव्या-सहाव्या दिवशी डेअरीला दूध घालतात. दहा म्हणजे भरपूर, असं वाटलं.

दादा येऊन शेजारी बसले.
"राव, वर डोंगरात अकरा दिस दूध इकत न्हाईत. बाराव्या दिशी देवाला दावत्यात, मंग डेअरीला. तुज्या कागदात शेऱ्याला जागा ठिव."
"दादा, एका ओळीत ऐंशी अक्षरं बसतात. एकोणऐंशी भरलीत."
"मंग एका अक्षरात काय बसंल त्ये लिव की!"
मी हसलो. जागा ठेवली नाही. दहाचे बाराही केले नाहीत.
पत्रक फार देखणं झालं होतं हो. एकही ओळ तुटत नव्हती.

आश्विनात वरच्या म्हशी एकामागोमाग व्याल्या.
पत्रकात आलं: आहुपे रूट, सभासद एकेचाळीस, बंद सतरा.

मीटिंगमध्ये दादा डायरी घेऊन उभे राहिले.
"सायेब, बंद न्हाईत त्ये. म्हशी व्याल्यात. धा-बारा दिस थांबा."
साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय रे, कागद बरोबर आहे ना?"

दादा काय म्हणतायत ते त्या खोलीत फक्त मला कळत होतं.
मी म्हणालो, "साहेब, बेरीज तीन वेळा तपासलीय."
ते खरं होतं. बेरीज बरोबरच होती.

गाडी बंद झाली.

शेवटच्या थांब्यावर हिराबाई दूध घालायच्या. एकटं बाईमाणूस, एक म्हैस, घर त्यावरच. देवाला दूध दाखवून त्या बाराव्या दिवशी कॅन घेऊन रस्त्यावर आल्या. गाडी दोन दिवसांपूर्वीच थांबली होती.
ऊन डोक्यावर येईपर्यंत उभ्या होत्या म्हणे.

हे मला दादांनी सांगितलं. ओरडले नाहीत.
"बारावा दिस व्हता रं तिचा," एवढंच.
मग टेबलावरचं पत्रक उचलून पाहिलं. "कागद लई सरळ हाय तुजा."
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

हिराबाईंनी चार महिन्यांत म्हैस विकली. मग बाकीच्यांनीही.

मी दादांच्या घरी जायला लागलो. पहिल्या रविवारी माफी मागायची म्हणून गेलो आणि मागता आली नाही. वही उघडून बसलो. ते डायरीतलं वाचायचे, मी उतरवून घ्यायचो. रविवारमागून रविवार. मधेच टोमणा, "सायेब, बेरीज तपासा!" आणि चहा.

नव्या प्रोग्रॅममध्ये मी शेऱ्याला आख्खी ओळ दिली. आकडा पडला की खाली दादांचं कारण छापून यायचं.
पुढं एका उन्हाळ्यात आणे पठारावरचं दूध निम्म्यावर आलं. रूट बंद करायचा विषय निघाला. साहेबांनी आधी शेरा वाचला: 'जनावरं पाहुण्यांकडे पाण्यावर नेली. पाऊस पडला की परत.'
गाडी चालू ठेवली. जनावरं परत आली.

त्या दिवशी साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं नाही.

आहुप्याची गाडी पुन्हा सुरू करा असं मी दोनदा लिहून दिलं. साहेब म्हणाले, "करू रे. म्हशी कुठायत आता?"
गाडी सुरू झाली नाही. अजून नाही.

दादा, माफी शेवटपर्यंत राहिली. ती इथं, सगळ्यांसमोर मागतो. चुकलो. कागद चुकला नव्हता, मी चुकलो होतो.
तुम्हाला माझा शेवटचा रामराम.

आणि एक तुम्हाला कधी सांगितलं नाही.
दोन हजार सहा साली पुण्याची एक कंपनी तो प्रोग्रॅम शेऱ्यांसकट विकत घ्यायला आली होती. अट एकच. यातलं सगळं माझ्या एकट्याचं आहे, असं लिहून सही करायची.
मी सही केली नाही.
तीन लाख चाळीस हजार रुपये देत होते.