शेंदराखालचा लेख

कापसाचा भाव चढला आणि अमरावतीने लाज गुंडाळून ठेवली. अमेरिकेत लढाई, विलायतेत कापूस नाही, म्हणून गावच्या जुन्या खुणा उखडायच्या! परकोटाबाहेर बडनेऱ्याच्या वाटेवरचे कोरीव दगड अडत्यांच्या गोदामांच्या पायात गेले. कोणी हूं की चूं केलं नाही.

त्याच वाटेवर एक पायविहीर होती. तिच्या दक्षिणेकडच्या पायऱ्यांनी महारवाड्यातल्या बाया पाणी भरत. पहिल्या पायरीशी एक उभा दगड होता, शेंदराचे थर चढून चढून गाठोड्यासारखा झालेला. सगळे त्याला मसोबा म्हणत. शेजारच्या अडत्याने आवार वाढवलं, विहीर कुंपणात घेतली, पण दक्षिणेची वाट त्याला बुजवता येईना. मसोबाला पहार लावायला गवंडीच तयार नव्हता.

मी तेव्हा बाविशीतला. अकोल्याहून यायचो, धोंड्याला देव म्हणणाऱ्यांवर पत्रकं लिहायचो, शिळाछापावर छापून बाजारात वाटायचो. एके दिवशी त्या मसोबाचा शेंदूर एका कडेला पोपडला होता आणि आत मला अक्षर दिसलं. मी खुरपं आणि गोडं तेल घेऊन बसलो. सकाळभर, चारचौघांदेखत, खरडत होतो. वस्तीतली एक म्हातारी घागर कमरेवर घेऊन उभी राहिली.

"काहून खरडून राहिले जी? कोपन ना तो."

"बाई, हा देव नाही. हा लेख आहे. तुमच्या हक्काचा कागद आहे, दगडावरचा."

"कागद?" ती हसली. "मंग त देवाहून मोठा असन."

वर सूर्य-चंद्र, खाली मजकूर. विहीर वाटसरूंसाठी बांधली. दक्षिणेच्या पायऱ्या सर्व जातींना मोकळ्या. जो अडवील त्या हिंदूला गाईची आण, मुसलमानाला डुकराची. मी नाचायचाच बाकी होतो. चार दिवसांत पत्रक निघालं. वर मोठ्या अक्षरांत: "मसोबा नव्हे, हक्क!" अमरावतीत वाटलं, अकोल्यात वाटलं. अडत्याच्या गादीवरही मीच नेऊन दिलं. अक्कल बघा.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी तोच गवंडी तो दगड उपटत होता. मी धावत गेलो.

"अरे, परवापर्यंत हात लावत नव्हतास!"

"परवा देव होता ना, भाऊ," तो पहार न थांबवता म्हणाला. "तुमीच त छापलं, देव नाही म्हणून. आमी वाचून घेतलं कोनाकडून."

गाडीवाले खदाखदा हसले. अडत्याने तर हात जोडले. "पंडितजी, आमचे डोळे उघडले तुम्ही."

दगडाचे दोन तुकडे झाले. दोन्ही कापसाचे गठ्ठे दाबायच्या कारखान्याच्या पायात गेले, अक्षरं चुन्यात. दक्षिणेच्या पायऱ्यांवर भिंत आली.

भिंतीविरुद्ध पुरावा म्हणून पत्रक घेऊन मी सरकारी कचेरीत गेलो. कारकुनाने ते उलटसुलट पाहिलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"मग हा तुमचा लेख झाला. विहीर बांधणाऱ्यांचा घेऊन या."

तो दुष्ट नव्हता. त्याचं बरोबर होतं, हेच मला आजही सहन होत नाही.

महिन्याभराने म्हातारी वाटेत भेटली. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत. पाणी कुठून आणता, असं मीच निर्लज्जासारखं विचारलं.

"नाल्यात झिरे उकरतो. चैतापर्यंत पुरन." ती जवळ आली. "एक करा जी. दुसरा एखादा धोंडा आना, शेंदूर फासा, अन् रातून आला म्हना भिंतीपाशी. तुमच्यासारख्यानं म्हटलं त मानतीन लोक. फक्त त्याले वाचू नका."

मी आणला नाही. माझ्या तत्त्वात ते बसत नव्हतं.

चैत्राच्या आधीच झिरे आटले.