कामाशिवाय नंबर

आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त पंचांगात असतो आणि वेळ साहेबांच्या गाडीवर ठरते. गेवराईबाहेरच्या मंगल कार्यालयात नवरा-नवरी हार धरून ताटकळली होती, आमच्या मुठीतल्या अक्षता घामेजल्या होत्या आणि माईकवाला एकेका मान्यवराच्या आगमनाने मंडप पावन झाल्याचं जाहीर करत होता.

"किती येळा पावन करतेत हो?" शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले. "एकदा धुतलं की बास की."

मी मोठ्याने हसलो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. बायको गेल्यापासून घरात फ्रिज तेवढा बोलतो. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. मी घेतल्या म्हणतो, की झालं.

गृहस्थ उमापूरकडचे, माझ्याच वयाचे, शेतकरी. मी कॉलेजात शिकवायचो म्हटल्यावर त्यांनी मला 'सर' करून टाकलं, पण जीभ काही आवरली नाही. सत्काराचे फेटे कमी पडले, तेव्हा एका पुढाऱ्याचा फेटा उतरवून दुसऱ्याला बांधला गेला. "फेटा त्योच, डोकी बदलतेत," ते पुटपुटले. पंगतीत आम्ही शेजारी बसलो, आग्रहाला पुरून उरलो. मग बाहेर त्यांच्या जीपचा हॉर्न वाजला. ते हात पुसत उठले आणि मीही घाईने मागोमाग उठलो.

"तुमचा नंबर द्या की."

ते थांबले. "कावून? काय काम हाय?"

आमच्या भागात नंबर कामाचा असतो. ऊसतोडीची टोळी हवी असते, बोअरची गाडी हवी असते, पोरीला स्थळ बघायचं असतं. कामाशिवाय नंबर मागणारा एक तर निवडणुकीला उभा राहणार असतो, नाहीतर विमा विकणार असतो. 'नुसतं बोलायला' हे उत्तर साठी उलटलेल्या पुरुषाला तोंडातून काढता येत नाही. कपाटभर पुस्तकं वाचूनही ऐनवेळी मला एवढंच सुचलं, "जवारी पायजे होती."

त्यांचा चेहरा खुलला. "मंग असं सांगा की! मारा मिस कॉल."

जवारी आली. चांगली होती. मी फोन केला, तर ते म्हणाले, "कशी निघाली? आजून पाठवू?" पाठवा म्हणालो. पुढच्या खेपेला मी फेट्याचा विषय काढला. ते कसनुसं हसले, "हां, ते बी खरंय," आणि परत जवारीवर आले. माणूस कामासाठी फोन करतोय, त्याचा खोळंबा नको, ही त्यांची सभ्यता. मी एकटा माणूस, दीड भाकरी खाणारा. पुढच्या खोलीत पोत्यांची, आमच्या भाषेत कट्ट्यांची, थप्पी लागली. तळातल्या कट्ट्याला सोंडे लागले. दर फोनमागे एक कट्टा, असं चाललं होतं.

परवा दुपारी मी परत फोन लावला.

"सरली जवारी, सर. आता पुढल्या सुगीलाच."

"बरं."

"ठेवू का मंग?"

"कडबा असंल की," मी घाईने म्हणालो.

"हाय की. जनावरं किती हायेत तुमच्याकडं?"

मी खोलीभर पाहिलं. "एकबी न्हाई."

"मंग कडबा कावून?"

"कडबा नको. खरं सांगायचं तर जवारीही नको होती. त्या दिवशी लग्नात आपण बोललो ना, तसं बोलायला कुणी नाही. म्हणून नंबर मागितला होता."

पलीकडून शेतातल्या मोटारीची घरघर तेवढी येत होती. लग्नात ज्याला हसलो, त्या माईकवाल्याने सुद्धा असली घोषणा कधी केली नसती. फोन ठेवावा असं वाटलं.

"थांबा," ते म्हणाले. "मोटार चालू हाय, नीट ऐकू येईना. बंद करून येतो. ठिवू नका."

फोन कुठंतरी दगडावर टेकवल्याचा आवाज आला. मी एका कट्ट्यावर बसलो, फोन कानाला लावून. मोटार अजून चालूच होती.