गप्प बसलेला एजंट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्याचं कॉम्प्युटर नेटवर्क मी सांभाळायचो. कॉलेज पाहिलेलं नव्हतं. उल्हासनगरच्या बाजारात कापडाच्या गाळ्यावर घासाघीस करत मोठा झालो आणि स्वतःच्या हिमतीवर या धंद्यात शिरलो. कारखान्यात प्रत्येक खात्यात एक हब, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जोडायचा डबा. त्याच्या आत एजंट नावाचा छोटा प्रोग्राम. ऑफिसातला कॉम्प्युटर त्याला सारखा विचारायचा, ठीक आहेस ना? हो आलं की पडद्यावर हिरवा चौकोन.

एका सकाळी डिस्पॅचचा हब अडकला. चलनं निघेनात, गेटवर ट्रक खोळंबले, आणि पडद्यावर डिस्पॅच हिरवंगार. मॅनेजर साहेब सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले, "काय शेठ, शेवटी उल्हासनगरचा माल तो उल्हासनगरचाच, नकली!"

"साहेब, प्रोग्राम तुम्हीच मुंबईच्या पार्टीकडून घेतलाय. मी फक्त सांभाळतो."

"मग सांभाळायलाही त्यांनाच बोलावतो."

करार संपत आला होता आणि माझ्याकडे मोठं काम एवढंच होतं. तोंडावर आलेली शिवी गिळली. "सोमवारपर्यंत वेळ द्या."

"शुक्रवार."

"शनिवार. आणि मधे फोन करायचा नाही."

शनिवार ठरला.

तपासलं तर एजंट आधीच कधीतरी बंद पडलेला. हब त्यानंतरही चालत राहिला म्हणून कुणाला पत्ता नाही. उत्तर आलं नाही की ऑफिसातला प्रोग्राम जुनंच उत्तर धरून बसायचा! डोकं सणकलं. गाळ्यावर भाव ऐकून गिऱ्हाईक गप्प बसलं, तर सौदा झाला असं मी कधी धरलं नव्हतं. पुन्हा विचारायचं, मग मान वर करून बघायचं, उभं आहे की गेलं.

तसंच त्या प्रोग्राममधे बसवलं. एजंट गप्प राहिला तर लगेच बोंब नाही, कधीकधी प्रश्नच वाटेत हरवतो. तीनदा विचारून उत्तर नाही, तर थेट हबला हाक. हबने ओ दिली तर चौकोन पिवळा: एजंट गेला, हब जिवंत. हबही गप्प, तर लाल.

शनिवारी साहेबांसमोर लॅबच्या हबमधला एजंट बंद केला. लॅबचं काम चालूच, चौकोन मात्र पिवळा झाला. साहेब उठले आणि जाऊन हबचा प्लगच ओढला. ते परत आले तोवर लाल.

"साहेब, लॅबवाले बोंबलतायत," शिपाई धावत आला.

"बोंबलू दे. बरोबर दाखवतंय."

करार वाढला. सही होताना मी म्हटलं, "तो उल्हासनगरचा शब्द सगळ्यांसमोर मागे घ्या."

"शेठ, कागद घ्या आणि निघा."

शब्द त्यांनी मागे घेतला नाही, आणि मीही तो सोडलेला नाही. पण भूक मात्र त्या दिवशी सणकून लागली. कात्रपला घरी पोचून बायकोला सांगितलं, काम हातातून गेलं नाही. ती ताट वाढत म्हणाली, "मग आज तरी सावकाश जेवा."

दोनदा आमटी घेतली.